टायपिंगची चूक इंग्रजीत नेमकी कशी लिहायची?

लोणंदकर मित्रांनो, प्रत्येक चुकीला ‘स्पेलिंग मिस्टेक’ म्हणू नका. स्पेलिंगच माहीत नसेल तर ती स्पेलिंग मिस्टेक. बोट घसरून ‘टी-एच-ई’चं ‘टी-ई-एच’ झालं, तर तो ‘टायपो’. मेसेजमध्ये टायपो म्हटलेलं चालतं, अर्जात मात्र ‘टायपोग्राफिकल एरर’ शोभतं. छापील पत्रिकेतली चूक ‘मिसप्रिंट’.

सातबारा संगणकावर चढवताना नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल, तर ‘क्लेरिकल एरर’ लिहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 मध्ये हाच शब्द आहे. खंडाळा तहसीलला अर्ज देताना कलमाचा उल्लेख करा आणि जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल आवर्जून जोडा, कारण चूक उतरवतानाच झाली हे त्यावरूनच दिसतं. मालकीचाच वाद असेल, तर तो क्लेरिकल एरर नव्हे.