वाडा विकणे आहे, पण कुणाला?

माझ्या परिचयातील एक शिक्षक. नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. नोकरीची सारी वर्षे भाड्याच्या खोल्यांत गेली. निवृत्तीला पाच-सहा वर्षे उरली तेव्हा त्यांना कळले, की जुन्या नांदेडात एका गल्लीतला वाडा विकायला निघाला आहे. सगळा वाडा नव्हे, भावकीच्या वाटणीत आलेला दोन खणांचा भाग आणि पुढची ओसरी. बाजार, दवाखाना, शाळा, सारे पायी जाण्याच्या अंतरावर. दलालाबरोबर जाऊन त्यांनी घर पाहिले, भाव ठरला, इसाराचा दिवसही ठरला. त्यांचे आडनाव मराठा समाजातही आहे आणि आपल्यातही आहे. म्हणून पहिल्या दोन बैठका सुरळीत पार पडल्या. तिसऱ्या बैठकीत मालकाच्या म्हाताऱ्या आईने सहज विचारले, "तुमचं कुलदैवत कोणतं हो, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत, माय." चहा आला, तो पिऊनही झाला. दुसऱ्या दिवशी दलालाचा निरोप आला, "मालक आता विकायचं नाही म्हणायलेत, गुरुजी. भावाभावांत वाद हाय म्हणे." तीन महिन्यांनी तोच भाग दुसऱ्या एकाने विकत घेतला. गुरुजींनी कबूल केलेल्या भावापेक्षा कमी पैशांत!

कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर धावून आले नाही. वर चहाही पाजला. म्हणूनच याची बातमी होत नाही, गुन्हा नोंदला जात नाही. शहरात जात उरली नाही असे व्याख्यानांतून सांगणाऱ्या सज्जनांनी एकदा जुन्या गावठाणात घर विकत घ्यायला निघालेल्या बौद्ध माणसाबरोबर चार दिवस फिरून पाहावे.

लातूरच्या गंजगोलाईचा सर्वांना मोठा अभिमान आहे, आणि तो असावाही. निजामाच्या राजवटीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिची आखणी केली. १९१७ साली बांधलेल्या या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंत आणि कापडापासून पायताणापर्यंत सारा बाजार तिच्याभोवती वसला. त्याच १९१७ साली बडोद्यात काय घडत होते? कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन, लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास करून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले होते आणि त्यांना राहायला घर मिळत नव्हते. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक चालून आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही टाळले. गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. २३ सप्टेंबर १९१७ चा तो दिवस आज संकल्प दिन म्हणून आपण पाळतो. त्या दिवसाचा मूळ प्रश्न घराचा होता, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत.

खेडे म्हणजे संकुचित स्थानिकतेचे डबके आणि अज्ञानाची गुहा, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सर्वांसमक्ष ठणकावून सांगितले होते. त्यांच्या अनुयायांनी शहराची वाट धरली. मराठवाड्यात तर अनेकांना ती धरावीच लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांतून आपली घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. घर जळालेला माणूस कुठे जाणार? तो नांदेडला आला, लातूरला आला, परभणीला गेला. मोंढ्यात हमाली केली, बांधकामावर राबला, पोरांना शिकवले. पण शहरात त्याला जागा कुठे मिळाली? नाल्याच्या काठाला, रुळाच्या कडेला, सरकारी पडीक जमिनीवर. त्या जागेला त्याने भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर अशी स्वाभिमानाची नावे दिली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. पण आपण तर ते काम पूर्वीच केले होते. पाटीवरचे नाव बदलले तरी वस्तीची जागा गावाच्या कडेलाच राहिली, त्याचे काय?

नवे गाव वसवण्याची वेळ आली तेव्हाही व्यवस्था बदलली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी बांधली गेली. कोऱ्या जमिनीवर कोरे गाव! समतेचा आराखडा मांडण्याची याहून मोठी संधी कोणती होती? पण घराचे आकारमान ठरले ते जुन्या गावातल्या जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४०० आणि मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. भूमिहीन कोण होते, हे मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही.

आता जुन्या शहराचे चित्र पाहू. नांदेडचे गाडीपुरा, होळी, चौफाळा, इतवारा, वजिराबाद असोत की लातूरच्या गोलाईमागच्या गल्ल्या असोत, मूळ धनिक कुटुंबे तिथून बाहेर पडत आहेत. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली. बोळात चारचाकी जात नाही. वाड्याला आठ-दहा वारस झाले. म्हाताऱ्या माणसांना माडीचा जिना चढवत नाही. त्यामुळे वाडे विक्रीला निघत आहेत. शहराच्या मध्यावर शिरण्याची जी संधी आपल्या आज्या-पणज्यांना कधीच नव्हती, ती आज प्रथमच समोर आली आहे. आणि याच वेळी तीन दारे आपल्यासमोर बंद होतात.

पहिले दार विकणाऱ्याचे. त्याचा प्रकार वर सांगितला. कुणी कुलदैवत विचारतो, कुणी मूळ गाव विचारून तिथल्या ओळखीच्या माणसाकडे चौकशी करतो, कुणी 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी' अशी पाटी लावतो. हाच अनुभव मुस्लिम बांधवांनाही येतो. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. सवर्ण नावाच्या भाडेकरूला घर सहज मिळते, दलिताला अनेकदा नकार येतो आणि मुस्लिमाला सर्वांत जास्त, हे त्यातून पुढे आले.

दुसरे दार बँकेचे. आपला माणूस नोकरदार. त्याच्याकडे वडिलोपार्जित रोकड नाही, पगारावर मिळणारे कर्ज आहे. जुन्या मातीच्या वाड्यावर, वाटणी न झालेल्या मालमत्तेवर बँक कर्ज द्यायला कचरते. नव्या मंजूर रेखांकनातल्या घरावर ती तयार असते. म्हणजे ज्याच्याकडे रोकड तो मध्यावर आणि ज्याच्याकडे कर्ज तो वेशीवर, अशी वाटणी आपोआप होते. जातीचे नाव कुठेही घ्यावे लागत नाही.

तिसरे दार सरकारचे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी २००८ साली रमाई आवास योजना सुरू झाली. तिने अनेकांच्या डोक्यावर पक्के छप्पर आणले, हे मान्यच केले पाहिजे. पण ती मिळते कुणाला? ज्याची स्वतःची जागा किंवा कच्चे घर आहे त्याला. आपली जागा तर वस्तीतच! म्हणजे योजना घर पक्के करते आणि घराबरोबर वस्तीची हद्दही पक्की करते. ज्याला वस्तीबाहेर, शहराच्या मध्यात घर घ्यायचे आहे त्याच्यासाठी काय, याचे उत्तर या योजनेत नाही.

कुणी म्हणेल, घर कुणाला विकावे हा मालकाचा खासगी प्रश्न आहे. हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव आहे. त्याचे चौथे कलम अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवते. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. अन्याय झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. आपल्यापैकी किती जणांना हे कलम ठाऊक आहे? किती वकिलांनी ते वापरले?

अर्थात न्यायालयेही प्रत्येक वेळी आपल्या बाजूने उभी राहतात असे नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा नियम वैध ठरवला. बडोद्याची धर्मशाळा जणू नव्वद वर्षांनी निकालपत्रात अवतरली! अमेरिकेत मात्र १९४८ सालीच, कृष्णवर्णीयांना घर विकू नये असे खासगी करार कोणतेही न्यायालय अमलात आणणार नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. एप्रिल १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवडाभरातच घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा तिथे झाला. तिथला भेदभाव संपला असे नव्हे. पण घराचा प्रश्न हा मुक्तीच्या लढ्याचा प्रश्न आहे, हे त्या चळवळीने ओळखले. आपण ते ओळखले आहे का?

आपल्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे, की वाड्यांच्या मागे कशाला लागायचे? वस्तीत विहार आहे, जयंती आहे, अडीनडीला धावून येणारी माणसे आहेत. हा आक्षेप खोटा नाही. १९७८ चे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना एकटे घर म्हणजे धोका, हे कळते. १ जून २०२३ रोजी नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेली गावात आपल्या एका तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, अशी फिर्याद आहे. शहरापासून हाकेच्या अंतरावर ही स्थिती असेल तर माणूस आपल्या माणसांत राहू पाहणारच. परंतु स्वतःच्या मर्जीने वस्तीत राहणे वेगळे आणि दुसरीकडे कुणी येऊ देत नाही म्हणून राहणे वेगळे. बाबासाहेबांनी राजगृह कुठे बांधले? दादरच्या हिंदू कॉलनीत! परळच्या चाळीशी त्यांचे नाते तुटले नाही. पण ग्रंथांसाठी, अभ्यासासाठी त्यांनी शहराच्या मध्यवर्ती वसाहतीत हक्काने घर उभे केले. ७ जुलै २०२० रोजी त्याच राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. आपले घर मध्यावर असणे आजही कुणाला तरी खुपते, हाच त्याचा अर्थ.

लातूरला शिकायला येणाऱ्या मुलांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने हजारो मुले-मुली इथे खोल्या शोधत येतात. राजर्षी शाहूंच्या नावाचे महाविद्यालय या पॅटर्नचा मानबिंदू आहे. ज्या शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली कोल्हापुरात वसतिगृह काढले, त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला खोली मागताना आडनाव चोरावे लागू नये, एवढी अपेक्षा ठेवायची की नाही? गावाच्या मध्यात आपली चार घरे असती तर आपल्या लेकरांना खोलीसाठी दारोदार फिरावे लागले नसते.

तेव्हा करायचे काय? पहिले, कागद वाचायला शिकले पाहिजे. जुन्या भागातले घर घेताना मालमत्ता पत्रकावर किती वारसांची नावे आहेत, सर्वांच्या सह्या मिळणार का, आत जुना भाडेकरू आहे का, जमीन इनामी किंवा वक्फची तर नाही ना, हे तपासावे. निजामकाळातील दस्त उर्दूत असतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. इसाराची रक्कम रोखीने, बिनपावतीची देऊ नये. दुसरे, घर घरच्या बाईच्या नावावर घ्यावे. एकट्या स्त्रीच्या नावे राहते घर घेतल्यास राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आणि हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायाला हे वेगळे सांगायला नको. तिसरे, आपल्या कर्मचारी संघटनांनी आणि पतसंस्थांनी जुन्या घरांच्या खरेदीसाठी कर्ज द्यावे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो. घराच्या निधीचाही ठेवू शकू. चौथे, नकार मिळाला की गप्प बसू नये. तारीख, दलालाचा निरोप, ठरलेला भाव, साक्षीदार, सारे लिहून ठेवावे आणि वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात जावे. आणि रमाई योजनेत वस्तीबाहेर तयार घर घेण्यासाठीही अनुदान मिळावे, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरावी.

आमच्या गुरुजींनी शेवटी शहराबाहेर प्लॉट घेऊन घर बांधले. घर प्रशस्त आहे, दारात बोधिवृक्षाचे रोप आहे. मी गेलो तेव्हा वाड्याचा विषय निघाला. गुरुजी म्हणाले, "जाऊ द्या, झालं ते झालं." त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं कसं? त्या दिवशी त्यांचं नाही म्हणणं आपण कागदावर घ्यायला पाहिजे होतं." गुरुजींपाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. त्या माउलीने जे सांगितले ते आपल्या प्रत्येक विहारात सांगितले गेले पाहिजे.

जयभीम!