चाळीस एकर: कब्जा दिला, मालकी राखून ठेवली

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेचा 1862चा होमस्टेड कायदा पाहिला. पाच वर्षं जागेवर राहून जमीन कसायची, किरकोळ फी भरायची, की 160 एकर नावावर. ती जमीन ज्या मूळ रहिवाशांच्या पायाखालून काढून घेतली, त्यांचा हिशेब वेगळा. पश्चिमेत इतका सढळ असलेला हात दक्षिणेत, गुलामगिरीतून सुटलेल्या सुमारे 40 लाख माणसांच्या बाबतीत कसा होता? एकदा तो उघडला. आणि वर्षभरात मिटायलाही लागला.

यादवी युद्धात, 1864च्या अखेरीस, उत्तरेच्या जनरल शर्मनचं सैन्य जॉर्जिया तुडवत समुद्राकडे निघालं, तेव्हा मळ्यांवरचे हजारो गुलाम बायकापोरांसह त्याच्या मागे चालू लागले. सैन्याला ही गर्दी नकोशी होती. 9 डिसेंबरला एबेनेझर खाडीवर सैनिक पार झाले आणि त्यांच्या जनरलने तरंगता पूल उचलून घेतला. मागून बंडखोर दक्षिणेचं, म्हणजे कॉन्फेडरेट, घोडदळ येत होतं. लोकांनी थंड पाण्यात उड्या घेतल्या, अनेक जण बुडाले. बातमी वॉशिंग्टनला पोचली, गवगवा झाला आणि युद्धमंत्री स्टँटन स्वतः जॉर्जियातल्या सव्हाना शहरात आले.

12 जानेवारी 1865 रोजी स्टँटन आणि शर्मन यांच्यासमोर 20 कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि चर्चमधली जाणती माणसं बसली. त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझियर. वय 67. आठच वर्षांपूर्वी त्यांनी 1000 डॉलर सोन्या-चांदीत मोजून स्वतःला आणि बायकोला विकत घेतलं होतं. तुम्ही स्वतःच्या पायावर कसे उभे राहाल, असं स्टँटननी विचारलं. फ्रेझियरांचं उत्तर साधं होतं: जमीन द्या, आमच्या कष्टाने ती कसू, आणि पुढे ती विकत घेऊन आमची करू. हे ‘विकत घेऊन’ फार थोड्यांच्या लक्षात राहतं. फुकट मागायला आलेला हा माणूस नव्हता.

चार दिवसांनी शर्मनचा विशेष फील्ड ऑर्डर क्रमांक 15 निघाला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेची बेटं, नद्यांकाठची समुद्रापासून 30 मैल आतपर्यंतची सोडून दिलेली भातशेती आणि फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीचा काठ, हे सगळं गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वसाहतीसाठी राखीव. प्रत्येक कुटुंबाला लागवडीयोग्य जमीन 40 एकरांपर्यंत. ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ यातलं खेचर मात्र हुकमात कुठेच नाही. सैन्याकडची जास्तीची जनावरं नंतर काहींना मिळाली, तेवढंच. जूनपर्यंत सुमारे 40,000 माणसं 4 लाख एकरांवर वसली.

पण मेख कागदातच होती. हुकमाने दिला तो कब्जा, तोही काँग्रेस, म्हणजे संसद, काही ठरवेपर्यंतचा. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाला जे भय असतं, तेच इथे होतं. शर्मन यांनीही पुढे सांगितलंच, की ही युद्धकाळापुरती सोय होती.

एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी 29 मे रोजी बंडखोरांना माफी जाहीर केली. माफी मिळाली, की गुलाम सोडून बाकी मालमत्ता परत. बड्या मळेवाल्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागे. ते अर्ज भराभर मंजूर झाले. मुक्तजनांसाठीच्या फ्रीडमेन्स ब्युरोचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांनी जुलैमध्ये जमिनी राखायचं परिपत्रक काढलं. सप्टेंबरमध्ये जॉन्सननी ते फिरवायला लावलं, आणि ऑक्टोबरमध्ये लोकांना समजावायला हॉवर्डनाच त्या राखीव पट्ट्यातल्या एडिस्टो बेटावर धाडलं.

चर्च खचाखच भरलं होतं. हॉवर्डनी सांगितलं: जुन्या मालकांना माफ करा, त्यांच्याशी करार करून मजुरी करा. लोकांनी तिघांची समिती नेमून त्यांना पत्र लिहिलं. हॉवर्ड यांचा उजवा हात युद्धात गेला होता. पत्राचा आशय असा: तुमचा फक्त हात गेला, तुम्ही माफ करू शकाल, पण ज्याने मला झाडाला बांधून 39 फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला झोडपलं, त्याला मी माफ करू? त्याच्याच अटींवर त्याच्या शेतात राबू? त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत यापेक्षा रोखठोक काही माझ्या वाचनात नाही.

पुढच्या वर्षी करारावर सही न करणाऱ्यांना जमिनीवरून हुसकायला सैनिकच आले.

सगळं खापर जॉन्सनवर फोडणं सोयीचं आहे. पण 1862 साली वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी उठवताना याच सरकारने मालकांना दर गुलामामागे 300 डॉलरपर्यंत भरपाई दिली होती. म्हणजे भरपाईची कल्पना माहीत होती, फक्त ती कोणाला द्यायची हे ठरलेलं होतं. 1866च्या दक्षिणी होमस्टेड कायद्याने पाच राज्यांतली 4 कोटी 60 लाख एकर सरकारी जमीन खुली केली खरी, पण बरीचशी दलदल आणि पाइनचं रान. अवजारं नाहीत, बैल नाहीत, पहिलं पीक येईपर्यंत खायला नाही. 1876 साली तो कायदाही रद्द झाला. मधल्या काळात, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका दास्यमुक्तीच्या कामासाठी होती आणि रास्तच होती.

जमीन टिकली कोणाची? ज्यांच्याकडे नुसता हुकूम नव्हे, खरेदीखत होतं, त्यांची. साउथ कॅरोलिनातल्या बोफर्ट भागात थकलेल्या युद्धकराखातर मळे-घरं लिलावात निघाली, तेव्हा काही मुक्तजनांनी पैसे जमवून बोली लावली. रॉबर्ट स्मॉल्स हा त्यांतलाच. 1862 साली कॉन्फेडरेटांचं ‘प्लँटर’ जहाज पळवून नेणारा हा गुलाम खलाशी. त्याने आपल्या जुन्या मालकाचंच घर घेतलं. त्या घरावर हक्क सांगणारा गोरा दावेदार कोर्टात गेला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1878 साली निकाल लागला: करविक्री वैध, घर स्मॉल्सचं.

पुढच्या भागात, करारावर सह्या केलेल्यांचं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वाटेशेतीचं काय झालं ते पाहू.