पोटातील दुर्मिळ गाठ : पहिली शस्त्रक्रिया निर्णायक

साठी उलटलेल्या माणसाचे पोट वाढू लागले, की 'पोट सुटले' असे म्हणून घरची मंडळी निर्धास्त राहतात. बहुधा ते खरेही असते. परंतु हातपाय वाळत असताना पोटाचा घेर वाढत असेल, थोडे खाऊनही पोट गच्च होत असेल किंवा न दुखणारी गाठ हाताला लागत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरू शकते.

गाठीचे स्वरूप

मेद, स्नायू, रक्तवाहिन्या अशा मृदू ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगास सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. त्यांतील काही गाठी आतड्यांमागे, मूत्रपिंडाभोवती होतात. तेथे जागा मोकळी असल्याने गाठ फारसा त्रास न देता वाढते; निदानाच्या वेळी ती अनेकदा १५ सेंटिमीटरांहून मोठी असते. मेदपेशींचा लायपोसार्कोमा हा तेथील सर्वाधिक आढळणारा सार्कोमा होय.

आधी निदान

सोनोग्राफीत अशी गाठ दिसल्यास सी. टी. स्कॅन करावा लागतो. त्यानंतर बहुधा पाठीच्या बाजूने सुई घालून गाठीचा तुकडा तपासतात. सुईने रोग पसरतो, ही भीती सर्वत्र आढळते. योग्य मार्गाने तपासणी केल्यास हा धोका अत्यल्प असतो. तपासणी टाळल्यास मात्र उपचारच चुकू शकतो. लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर मुख्यतः औषधोपचार करतात. जठर-आतड्याच्या भित्तीतील 'जिस्ट' या गाठीवर इमॅटिनिब ही गोळी गुणकारी असून तिला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली.

उपचार

सार्कोमावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. गाठ न फोडता अखंड काढावी लागते. प्रसंगी तिला चिकटलेले मूत्रपिंड वा आतड्याचा भागही काढतात. गाठीचा अंश राहिल्यास ती त्याच जागी पुन्हा वाढते आणि दुसरी शस्त्रक्रिया अधिक कठीण होते. म्हणून घाईने पोट उघडण्यापूर्वी रुग्णास अनुभवी केंद्रात नेणे हिताचे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. केवळ वय झाले म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. हृदय, मूत्रपिंडे व पोषण यांची स्थिती पाहून निर्णय घेतात. पाच-दहा वर्षांनीही गाठ उलटू शकत असल्याने नियमित तपासणी आवश्यक असते.

आपले कर्तव्य

आयुष्मान भारत योजनेचा लाभ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, देण्यात आला. गावातील वृद्धांची नोंदणी करवून घेणे आणि वाढत्या पोटाची वेळीच तपासणी करण्यास त्यांना प्रवृत्त करणे, एवढे कार्य पंचायत सदस्य व शिक्षक यांनी केले, तरी काहींचे प्राण वाचू शकतील.