थकवा नेमका सांगता येणे : नैराश्यावरील औषधे आणि सुस्ती

समानार्थी शब्दांचा अभ्यास करताना आपण पाहिले की, कोणतेही दोन शब्द पूर्णतः समान अर्थाचे नसतात. हा भेद परीक्षेपुरता नाही. डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णाने कोणता शब्द वापरला, यावर उपचारांची दिशा ठरू शकते. नैराश्यावरील औषधे घेताना येणारा थकवा हे त्याचे उदाहरण होय.

१. थकव्याचे चार प्रकार

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांना पहाटेपासून ऊस तोडून व मोळ्या वाहून येतो तो शीण. विश्रांतीने तो ओसरतो. मरगळ निराळी. तिच्यात श्रम न करताही उठावेसे वाटत नाही, आवडीच्या कामातही रस उरत नाही. ती बहुधा नैराश्याचाच भाग असते. झापड म्हणजे डोळ्यांवर झोप उतरणे. औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर ती जाणवू लागली, तर औषध हे कारण संभवते. अशक्तपणात अंगातले बळच कमी पडते. त्यामागे रक्तक्षय, थायरॉईडचा विकार किंवा मधुमेह असू शकतो.

२. झापड का येते?

अमिट्रिप्टिलीन व मिर्टाझापीन ही औषधे मेंदूतील हिस्टामाइनचे कार्य रोखतात. हिस्टामाइन आपल्याला जागे ठेवण्यास मदत करते. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, ती याच कारणाने. म्हणून ही औषधे सहसा रात्री दिली जातात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांनी झापड तुलनेने कमी येते. तरी काहींना येतेच. पुष्कळदा ती काही आठवड्यांत कमी होते.

अडचण अशी की, झापड पहिल्या दिवसांतच जाणवते, तर मन सावरण्यास दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. त्रास आधी आणि गुण नंतर, अशा या काळात गोळ्या परस्पर बंद करण्याचा मोह होतो. तसे केल्यास चक्कर, निद्रानाश, चिडचिड उद्भवू शकते आणि नैराश्यही परतू शकते.

३. आपण काय करावे?

आठवडाभर वहीत चार नोंदी ठेवाव्यात : गोळीची वेळ, झोपेचे तास, झापड येण्याची वेळ आणि त्या दिवशीचे श्रम. ही वही डॉक्टरांना दाखवून विचारावे : गोळीची वेळ, मात्रा किंवा औषध बदलता येईल का? रक्त तपासावे का? झापड असेपर्यंत दुचाकी वा ट्रॅक्टर चालवू नये, कडबाकुट्टी यंत्रावर काम करू नये. मद्य टाळावे, कारण त्याने गुंगी वाढते. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती ठेवावी व सकाळी थोडे चालावे.

डॉक्टरांपुढे पुस्तकी शब्दच हवेत असे नाही. जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात गावातल्याच, अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले गेले. गावच्या बोलीतही आजाराविषयी नेमके बोलता येते, हे त्यांच्या कामातून दिसते.

जीव नकोसा वाटू लागल्यास मात्र वहीची वाट पाहू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावे किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.

स्वाध्याय : आपल्या परिसरात थकव्यासाठी रूढ असलेले पाच शब्द लिहा व त्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.