रेमो फर्नांडिस : दर अल्बमला नवा माणूस?

रेमो फर्नांडिस म्हटलं की आपल्या कोल्हापुरात काय आठवतं? 'जलवा'चं गाणं, 'हम्मा हम्मा' आणि १९९८ चं 'प्यार तो होना ही था'. तिन्ही सिनेमातली. पण सिनेमाचं गाणं हे दुसऱ्याच्या गोष्टीसाठी केलेलं काम असतं. गायक ओळखायचा तर त्याचे स्वतःचे अल्बम क्रमानं ऐकायला हवेत. या व्याख्यानासाठी आम्ही तेच केलं.

रेमो यांचा जन्म १९५३ चा, गाव उत्तर गोव्यातलं शिवोली. मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुकला शिकले, युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकले, आणि गावी परतले. १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' आला. हा अल्बम त्यांनी घरातच, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित केला. सगळे आवाज त्यांचे, सगळी वाद्यंही त्यांनीच वाजवलेली. मग कॅसेट स्कूटरवर घालून गोवाभर दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या.

आता चार ट्रॅक म्हणजे काय? एकाच टेपवर शेजारी शेजारी चार पट्ट्या. पहिल्या पट्टीवर गिटार घ्यायची, ती हेडफोनवर ऐकत दुसरीवर बेस, तिसरीवर ताल. आणखी जागा हवी असेल तर या तिन्ही मिसळून चौथ्या पट्टीवर उतरवायच्या, की तीन पुन्हा मोकळ्या. पण एकदा मिसळलं की गिटार जरा कमी करू म्हणायची सोय राहत नाही. शिवाय दर वेळी टेपची खरखर वाढते. म्हणजे काय हवंय ते आधीच ठरवावं लागतं.

पुढचा क्रम बघा. १९८५ ला 'ओल्ड गोअन गोल्ड', म्हणजे गोव्याची जुनी पारंपरिक गाणी. १९८६ ला 'पॅक दॅट स्मॅक', अमली पदार्थांच्या विरोधात. १९८७ ला 'बॉम्बे सिटी'. १९९२ ला राजकारण्यांना शीर्षकातच चिमटा काढणारा 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल'. आणि १९९८ ला हिंदी पॉप, 'ओ मेरी मुन्नी'.

एकेक गाणं सुटं ऐकलं तर वाटतं, हा माणूस वारा येईल तशी पाठ फिरवतो. क्रमानं ऐकल्यावर आम्हाला वेगळं दिसलं. दर अल्बमला समोरचा श्रोता बदललाय. आधी गावची मंडळी, मग त्यांचे आजी-आजोबा, मग नशेच्या तोंडाशी उभी असलेली पोरं, मग महानगर, मग हिंदी ऐकणारं घर. श्रोता बदलला की भाषा बदलते, ताल बदलतो. याची किंमतही असते. 'ओ मेरी मुन्नी'त शिवोलीची ती जवळीक आम्हाला कमी जाणवली. हे आमचं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

आपल्या गावात कुणी म्हणेल, कलाकारानं एक घराणं धरून राहावं. जरूर. पण अल्लादियाखाँसाहेबांची आठवण ठेवा. त्यांचा आवाज बिघडला, तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली. शाहू महाराजांच्या आश्रयानं ती इथं रुजली आणि आज आपण तिलाच परंपरा म्हणतो. दोघांचं संगीत एक नाही, पण बदल म्हणजे बेइमानी नव्हे, एवढं दोघांकडून शिकता येतं.

हे आज सांगायचं कारण, आपल्याकडं गिटार घेतलेल्या पोराला अजूनही पहिला सल्ला मिळतो, "मुंबईला जा." त्याच्या खिशातल्या फोनमध्ये रेमो यांच्या त्या यंत्रापेक्षा जास्त ट्रॅक आहेत. त्याला विचारायचं ते एवढंच, की बाबा, हे गाणं तू कुणाला ऐकवणार आहेस?

घरी गेल्यावर पहिले दोन अल्बम लागोपाठ ऐका. आता तुमचे प्रश्न घेऊ.