सुस्कारा

‘तिन्हीसांजेला सुस्कारे टाकू नयेत, घरातली लक्ष्मी जाते,’ असे आमच्या शेजारच्या काकू म्हणत. भिंतीपलीकडे आमचे घर, आणि आमच्याकडे सुस्कारे फार. अब्बा लवकर गेले. अम्मी लोकांचे कपडे शिवायची. दिवेलागणीला मशीन थांबायचे आणि पाठोपाठ तिचा सुस्कारा ऐकू यायचा. पुढे मी कविता लिहू लागलो, तेव्हा पहिली कविता झाली ती या सुस्काऱ्यांवरच.

या एका श्वासाला आपल्या भाषेत किती नावे आहेत पाहा! दुःखाचा असेल तर उसासा, थकव्याचा असेल तर सुस्कारा, सुटकेचा असेल तर निःश्वास. धावतपळत एस.टी. पकडली की नुसते ‘हुश्श’. उर्दूत त्याला ‘आह’ म्हणतात आणि शायरांचे तर तिच्यावाचून पानही हलत नाही.

शरीराचे म्हणणे मात्र वेगळे आहे. आपल्या फुफ्फुसांत हवेचे कोट्यवधी इवले फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. साधा श्वास चालू असताना त्यांतले काही हळूहळू मिटतात. ओला फुगा आतून चिकटला की फुगवायला जोर लागतो, तसेच हे. म्हणून दर पाचेक मिनिटांनी आपण नकळत नेहमीच्या दुप्पट हवा आत घेतो. हाच सुस्कारा. तासाला डझनभर तरी होतात. आपल्याला पत्ताही नसतो. जुनी कृत्रिम श्वासयंत्रे एकाच मापाचे श्वास देत, तेव्हा रुग्णांची फुफ्फुसे आकसू लागत. मग यंत्रालाही मधूनमधून सुस्कारा टाकायला शिकवावे लागले! २०१६ मध्ये जॅक फेल्डमन आणि मार्क क्रॅस्नो या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या गटांनी उंदरांच्या मेंदूच्या देठात सुस्कारा घडवणाऱ्या सुमारे २०० पेशी शोधून काढल्या.

मग दुःखाचे काय? मनावर ताण आला की सुस्कारे वाढतात, हे खरेच आहे. विस्कटलेल्या श्वासाची घडी त्याने पुन्हा बसते, असे अभ्यासक मानतात. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल हाल्वर टाइगेन यांनी लोकांना सहजी न सुटणारी कोडी घातली. कोडे अडले की माणसे सुस्कारा टाकीत. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. दुसऱ्याचा सुस्कारा आपल्याला दुःखाचा वाटतो. स्वतःचा मात्र ‘जाऊ दे, नाही जमत’ असा असतो. या कामाला २०११ मध्ये आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे ‘इग नोबेल’ मिळाले.

हे वाचले आणि मला अम्मी आठवली. ती कविता मी तिला वाचून दाखवली होती. ऐकून ती खळखळून हसली. म्हणाली, “अरे बाबा, सुई में दोरा नै जाता था, और क्या!”

तेव्हा मी हिरमुसलो होतो. आज वाटते, दुःख होतेच. उजेड कमी, डोळे दमलेले, आणि दिवा जपून लावायचा. पण ते मोठे दुःख ज्या बारीक छिद्राशी अडले होते, तिकडे माझे लक्षच गेले नाही. मी कविता लिहिली. दोरा ओवून दिला नाही.

आता घरात कुणी सुस्कारा टाकला, तर मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. जवळ जाऊन विचारतो, “काय अडलंय?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)