मशीद, काजी, रोजा : कोकणातल्या यहुद्यांचे रिवाज

मुंबईच्या लोकलमध्ये मस्जिद स्टेशन आले की वाटते, जवळच्या एखाद्या मशिदीवरून हे नाव पडले असणार. जुने मुंबईकर निराळे सांगतात. स्टेशनाच्या जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर यहुद्यांचे ‘शआर हारहमीम’ हे प्रार्थनास्थळ आहे. स्थापना १७९६ ची, मुंबईतले सर्वांत जुने. बेने इस्रायल मंडळी त्याला मशीदच म्हणत, आणि त्या ‘जुन्या मशिदी’वरून स्टेशनाचे नाव आले, असे सांगतात.

ते बांधणारे सॅम्युएल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानांच्या कैदेत सापडले होते. त्यांच्या घराण्यात गोष्ट अशी चालत आली की, कैदी स्वतःला बनी इस्राईल म्हणवतो हे ऐकून टिपूंच्या आईने, कुरआनात ज्यांचा उल्लेख येतो त्यांना जिवंत सोडावे, अशी विनवणी केली. खरेखोटे अल्लाह जाणे.

हे लोक कोकणात कधी आले? अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी त्यांची आठवण. किताबे, सामान सगळे समुद्रात गेले. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले ‘शनिवार तेली’. जिथे राहिले त्या गावावरून आडनावे लागली : केहिमकर, दिवेकर, राजपूरकर.

किताब नसताना दीन किती टिकतो, याचा हा एक नमुना आहे. तौरात वाचणारा कोणी उरला नव्हता. उरले ते घरातले रिवाज : शनिवारची सुटी, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, काही रोजे, आणि ‘शमा’ हा एकच इब्रानी कलमा, ज्यात अल्लाह एक असल्याची ग्वाही आहे. जन्म, लग्न, मौत, प्रत्येक वेळी तोच म्हणत. त्यांना ओळखले गेले तेही स्वयंपाकघरात. दाविद राहाबी नावाच्या यहुदी पाहुण्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली, आणि राहाबीची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केले. त्यांना लोक ‘काजी’ म्हणू लागले.

सणांची नावे पाहा. यहुद्यांचा सर्वांत मोठा उपवास, तिश्री महिन्याच्या दहाव्या तारखेचा योम किप्पूर, कोकणात झाला ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारे लावून घरात बसण्याचा. दुसरा दिवस ‘शिळा सण’, त्या दिवशी खैरात. अव महिन्याच्या नवमीला बैतुल मुकद्दसच्या विध्वंसाचा शोक असतो. त्याला इथे ‘बिरड्याचा सण’ म्हणत, कारण रोजा वालाच्या बिरड्याने सुटे. उपवासाला त्यांचा शब्द ‘रोजा’च होता आणि रोज्यांच्या एका महिन्याला ते ‘रमजान’ म्हणत. शेजारी आमचीच घरे होती, दुसरे काय!

रोजा शेजाऱ्याकडे पाहूनच ठेवला जातो असेही नाही. मदीनेत यहुदी आशुऱ्याचा रोजा ठेवताना हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी पाहिले. फिरऔनपासून मूसा अलैहिस्सलाम यांची सुटका झाली त्याचे ते शुक्र होते. मूसांवर आपला हक्क अधिक, असे म्हणून त्यांनी स्वतः रोजा ठेवला. ही हदीस आपण दर मोहरमला ऐकतो.

एक सण मात्र त्यांना माहीतच नव्हता : हनुक्का. तो इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास बैतुल मुकद्दस पुन्हा पाक केल्याच्या आठवणीचा. पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा कयास त्यावरून बांधला जातो. इतिहासकारांत यावर एकमत नाही.

मग त्यांचा मलिदा. नवस फिटला, लग्न ठरले, की पोहे, खोबरे, साखर आणि फळांचे ताट भरायचे आणि एलियाहू हनाबींचे, म्हणजे आपल्या इलियास अलैहिस्सलाम यांचे नाव घ्यायचे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्यांच्या रथाच्या चाकोऱ्या आहेत, अशी श्रद्धा. तौरातीत हा मलिदा नाही. आमच्याकडच्या मलिद्यावरही दीन की रिवाज असा वाद घरोघरी होतोच. मला वाटते, दीनची कसोटी किताबानेच लावावी. पण किताब हरवलेल्यांना रिवाजानेच सांभाळले, हेही मान्य करावे लागते.

किताब परत आली ती मराठीतून. १८३२ मध्ये पादरी जॉन विल्सन यांचे मराठीतले इब्रानी व्याकरण छापले गेले. १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे मिसरमधून सुटल्याच्या रात्री वाचायची पोथी, मराठी अर्थासह निघाली. त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया साडीत आहेत.

आणि तरीही परीक्षा चुकली नाही. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या मंडळाने हुकूम काढला : इतर यहुद्यांशी लग्न करायचे तर आधी यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. तलाकाचे शास्त्रोक्त नियम कोकणात पाळले गेले नसतील, ही शंका. ज्यांनी शनिवार पाळला म्हणून गावात तेल्यांत वेगळे ठरले, त्यांनाच आता तुम्ही यहुदी कशावरून, असे विचारले गेले. त्यांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ मध्ये संसदेने ते सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी असल्याचा ठराव केला, आणि हुकमातून त्यांचे नाव काढावे लागले.

आता भारतात ते थोडे हजारच उरले आहेत. अलिबागला इस्रायल आळी आहे, मशीद आहे. मलिद्याचे ताट इस्रायलमध्येही भरले जाते, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथूनच निघाले.